लिफ्टचं नाणं

नुगझार नेहमीसारखाच उशिरा आला,
पण या खेपेला कारण डोळ्यांना दिसत होतं:
डाव्या पायाला प्लास्टर, काखेत कुबडी,
कुबडीला लटकवलेली चीजची पिशवी.
"आठव्या मजल्यावर राहा म्हणून तुला कुणी सांगितलं?"
हे एतेरीला, दारातूनच.
लिफ्टला वीस तेत्रींचं नाणं लागतं
आणि या गृहस्थाच्या खिशात नुसत्या नोटा.
पाच मजले तो बुडावर सरकत चढला,
सहाव्यावर कुणा पोराने दया केली.

बाल्कनीत बसलो. खाली तिबिलिसीचे दिवे लागत होते,
शेजारच्या गच्चीत कुणी गालिचा झोडपत होतं.
"आता सांग, पडलास कसा?"

ही गोष्ट मी आधी तीनदा ऐकलीय
आणि दर वेळी दरी थोडी खोल होते.
पहिल्यांदा ओढा होता, मग नदी झाली,
आज तर अख्खा कडाच निसटला पायाखालून.
मी तिथेच होतो, सोबत.
पण दोस्ताच्या दरीत आपण माती लोटू नये.

खरं म्हणाल तर
पोराच्या लग्नातले बूट घालून हा स्वानेतीचे डोंगर चढायला निघाला.
दुसऱ्याच दिवशी एकाचा तळ जबडा वासून बसला,
तो आम्ही पावाच्या पुड्याच्या सुतळीने बांधला.
रात्री लांडगा आला म्हणून ओरडला;
लांडगा म्हणजे एक म्हातारं, कान कापलेलं कुत्रं,
त्याने आमचे सॉसेज खाल्ले आणि आमच्यातच झोपलं.
आणि पाय मोडला तो
पहाटे लघवीला उठताना
तंबूच्या दोरीत अडकून.

नंतरचे चार तास तो माझ्या पाठीवर होता.
पहिले तीन तास शिव्या: मला, डोंगराला, बूट विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना.
मग तो गप्प झाला.
शाळेपासून ओळखतो त्याला,
गप्प झालेला कधी ऐकला नव्हता.
मी उगीच मोठमोठ्याने गाढवांच्या किमती बोलत राहिलो.
हा भाग तो सांगत नाही.
मीही नाही.

गुलिको सालोनिकीला जाऊन आली, लेकीकडे.
विमानतळावर तिच्या अंजिराच्या मुरंब्याच्या तीन बरण्या काढून घेतल्या;
"तिथेच उभी राहून एक संपवली मी,
बोटांनी, त्या पोलिसाच्या डोळ्यांत बघत."
लेक कशी आहे, विचारलं.
म्हणाली, समुद्र फार सुंदर आहे.
आम्ही पुन्हा विचारलं नाही.

"आणि तू ग?"
एतेरी कांदा चिरत होती. "मी कुठे जाणार, आईला टाकून?"
मग जरा वेळाने,
सुरी न थांबवता:
"तशी जातो म्हणा आम्ही.
संध्याकाळी ती दार धरून बसते, घरी चल म्हणते.
मग तिला कोट घालते, मुठीत नाणं देते,
लिफ्टने खाली, पत्रपेट्यांपाशी दोन मिनिटं,
परत वर.
दार उघडलं की विचारते, कुठलं गाव आलं?
काल बातुमी होतं. परवा कुताइसी.
एकदा मी पॅरिस म्हणाले,
तर म्हणते, जिन्याला तोच वास येतोय,
मला फसवू नकोस."

आम्ही इतके हसलो की गुलिकोला ठसका लागला,
आणि नुगझारने, आयुष्यात पहिल्यांदाच असेल,
त्यावर स्वतःची गोष्ट चढवली नाही.

निघताना पुन्हा तोच घोटाळा: नोटा.
मी खिसे चाचपत होतो,
तेवढ्यात आतल्या खोलीतून ती आली,
रात्रीच्या झग्यावर कोट, बटणं वरखाली.
मूठ उघडली, नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं.
घामाने ओलं होतं ते.
"लांब जायचंय का रे, बाळा?"
प्लास्टरकडे बघत.

"नाही मावशी," नुगझार म्हणाला,
"इथेच, खाली."

चौथ्या मजल्यापाशी त्याला आठवलं,
चीजची पिशवी कुबडीलाच राहिलीय.